परवान्यावांचून माणूस

ता. ५ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमेरिकेचें एक लष्करी विमान अमृतसरच्या विमानतळावर उतरलें. परवान्यावांचून अमेरिकेंत राहिलेले किंवा शिरलेले १०४ भारतीय त्यांतून परत पाठविण्यांत आले होते. पंजाब, हरियाणा आणि गुजरात या प्रांतांतील लोकांचा त्यांत मोठा भरणा होता. महाराष्ट्रांतलेहि ३ जण होते. प्रवासांत त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. पुढें कांहीं दिवस आमच्या सुशिक्षित घरांतून या प्रसंगाची चर्चा झाली. कोणी म्हणालें, बेकायदा गेले, त्याचें फळ भोगलें. कोणी बेड्यांचा निषेध केला आणि देशाच्या अब्रूची गोष्ट काढली. दोन्ही पक्ष तावातावानें बोलले. परंतु 'बेकायदा' हें विशेषण कृत्यावरून उठून माणसावर केव्हां जाऊन बसलें, आणि कायदा मोडणारा माणूस व कायद्यानेंच बेकायदा करून ठेवलेला माणूस यांत कांहीं भेद आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्या चर्चेंत सहसा ऐकूं आला नाहीं.

हा प्रश्न वादासाठीं वाद म्हणून काढलेला नाहीं. ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत कायम वास्तव्याच्या परवान्याची वर्षानुवर्षें वाट पाहत आहे, अशीं घरें आतां आपल्यांत थोडीं नाहींत. रांगेंत उभा असलेला माणूस आणि रांग सोडून गेलेला माणूस यांच्यामध्यें आपण नीतीची रेघ ओढतों, आणि आपला मुलगा त्या रेघेच्या चांगल्या बाजूस आहे याचें समाधान मानतों. ही रेघ किती खरी आहे हें पाहावयाचें तर ती रांग कोणीं, केव्हां आणि कोणासाठीं आंखली, हें आधीं पाहिलें पाहिजे. पाश्चात्त्य विद्यापीठांतून गेलीं चाळीस-पन्नास वर्षें या विषयाचें संशोधन नेटानें चाललें आहे. त्यांतील तीन ग्रंथ मीं येथें परीक्षणासाठीं घेतले आहेत : इतिहासकार मे न्गाई यांचा 'इम्पॉसिबल सब्जेक्ट्स' (२००४), डग्लस मॅसी, होर्हे दुरांद व नोलन मॅलोन या तिघांचा 'बियॉन्ड स्मोक अँड मिरर्स' (२००२), आणि मानवशास्त्रज्ञ जेसन डे लिओन यांचा 'द लँड ऑफ ओपन ग्रेव्ह्ज' (२०१५). न्गाईबाईंच्या ग्रंथांत फिलिपिनो, चिनी व जपानी लोकांचींहि प्रकरणें आहेत. तथापि अमेरिका व मेक्सिको यांमधील तीन हजारांहून अधिक किलोमीटर लांबीची सरहद्द तिन्ही ग्रंथांना समान आहे, आणि तुलना करावयाची तर ती तेथेंच नीट होते.

न्गाईबाईंचा ग्रंथ प्रथम घेतों, कारण काळाच्या दृष्टीनें त्याचा विषय आधींचा आहे. १९२४ पूर्वीं अमेरिकेचें दार सताड उघडें होतें अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी. चिनी मजुरांस १८८२ च्या कायद्यानें बंदी झाली होती आणि १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागास मज्जाव केला होता. युरोपीय मनुष्याला मात्र संख्येची मर्यादा अशी नव्हती. रोगी, निराधार किंवा वेडसर ठरला तर त्यास बंदरावरूनच परत पाठवीत; पण एकदां तो आंत आला आणि कांहीं वर्षें लोटलीं कीं बहुतेक बाबतींत त्याला हद्दपार करण्याचा सरकारचा अधिकारच संपत असे. १९२१ च्या तात्पुरत्या व १९२४ च्या कायम कायद्यानें हें सर्व पालटलें. प्रत्येक युरोपीय राष्ट्रास वांटा ठरवून दिला गेला, आणि तो ठरविण्यासाठीं १८९० ची जुनी शिरगणती आधाराला घेतली गेली. कारण इटालियन, पोलिश व यहुदी लोकांचे मोठे लोंढे त्या सालानंतर आले होते. त्याच वर्षीं सरहद्दीवरील गस्तीचें खातें स्थापन झालें. परवान्यावांचून आलेल्यास कधींहि हद्दपार करतां येईल असें ठरलें. १९२९ सालीं असा प्रवेश हा गुन्हाहि झाला. वीस वर्षें संसार केलेला, कर भरलेला मनुष्य केवळ एका जुन्या रात्रीच्या प्रवेशामुळें जन्मभर अपराधी राहूं शकतो, ही कल्पना कायद्याच्या इतिहासांत एवढी अलीकडची आहे.

याहून मार्मिक असा न्गाईबाईंचा शोध पुढेंच आहे. नवा कायदा कठोर आहे हें त्याच्या अंमलदारांनाहि जाणवलें, आणि त्यांनीं दयेच्या वाटा काढल्या. जुन्या रहिवाशांची नोंद करून त्यांना कायदेशीर ठरवावें. किंवा त्यांनीं कॅनडांत जावें, तेथून परवाना घ्यावा आणि उजळ माथ्यानें परत यावें. या वाटांचा लाभ मुख्यतः युरोपीयांना झाला. मेक्सिकन मजुराच्या वांट्याला गस्त, झडती आणि हद्दपारी आली. ज्याला दया मिळाली त्याचा बेकायदेशीरपणा दप्तरांतून पुसला गेला आणि त्याचीं नातवंडें 'आमचे आजोबा रीतसर आले' असें म्हणूं लागलीं. ज्याला ती मिळाली नाहीं त्याच्या साऱ्या जातीलाच तो डाग चिकटला. दप्तरखान्यांतील रुक्ष कागदांतून एवढा मोठा नैतिक इतिहास उभा करणें हें लहान काम नव्हे.

ग्रंथाचा दोष त्याच्या गुणांतूनच निघाला आहे. सरकारी दप्तर हें लेखिकेचें मुख्य साधन असल्यामुळें, ज्या माणसांची ही कथा तीं माणसें बहुधा साहेबाच्या टेबलासमोर उभीं असतांनाच आपणांस दिसतात. शिवाय कायदा हाच जणूं ब्रह्मदेव, आणि त्यानें नांव उच्चारतांच सृष्टि निर्माण झाली, असा भास कित्येक पानांवर होतो. मजुरांच्या प्रकरणांत शेतमालकांची गरज लेखिका विसरत नाहीं हें खरें. तथापि घरची भूक, मजुरींतील तफावत आणि गांवच्या माणसाचें आलेलें पत्र यांनीं माणूस घराबाहेर पडतो, ही बाजू तेथें पुसट आहे.

ती बाजू मॅसी व त्यांचे सहकारी पुरी करतात. त्यांची पद्धत मला फार आवडली. मॅसी व दुरांद यांनीं १९८२ पासून मेक्सिकोंतील गांवें निवडून, विशेषतः हिवाळ्यांत म्हणजे मजूर घरीं परततात त्या दिवसांत, घरोघर जाऊन चौकशी केली. कुटुंबांतील कर्ता पहिल्यानें केव्हां गेला, कोणाच्या ओळखीनें गेला, वाटाड्याला काय दिलें, काय मिळविलें, केव्हां परतला, पुनः केव्हां गेला, अशी जन्मभराची हकीकत त्यांनीं टिपून घेतली. मग त्याच गांवचे जे लोक अमेरिकेंत राहून गेले त्यांना हुडकून काढून त्यांच्याहि हकीकती घेतल्या. सरकारचे आंकडे दारांत मोजलेले असतात. हे आंकडे चुलीजवळ बसून मोजलेले आहेत.

त्यांतून निघालेला सिद्धान्त असा. १९४२ ते १९६४ या काळांत करारानें मजूर आणण्याची 'ब्रासेरो' योजना चालू होती व तिच्याखालीं सुमारें ४६ लक्ष करार झाले. योजना बंद पडली. पुढें, वंशभेदाचा कोटा मोडणारा म्हणून ज्याचा गौरव होतो त्या १९६५ च्या कायद्यानेंच पश्चिम गोलार्धावर प्रथम वर्षाला १,२०,००० ची मर्यादा घातली आणि १९७६ सालीं मेक्सिकोसारख्या शेजाऱ्यालाहि २०,००० चें माप लागूं झालें. काल कागद घेऊन येणारा मजूर आज त्याच शेतांत, त्याच हंगामास कागदावांचून येऊं लागला. तरीहि तो येई आणि जाई. १९८६ च्या कायद्यानें सुमारें २७ लक्ष लोकांना माफी दिली, पण त्याबरोबर सरहद्दीवरील बंदोबस्त वाढविण्यास आरंभ केला. १९९३ सालीं एल पासो येथें आणि १९९४ सालीं सान दिएगो येथें शहरालगतचे मार्ग कडेकोट बंद झाले. गंमत अशी कीं, १९९४ हेंच मेक्सिको, अमेरिका व कॅनडा यांच्या मुक्त व्यापाराच्या कराराच्या आरंभाचें वर्ष. माल, भांडवल आणि व्यापारी यांना वाट मोकळी, आणि त्याच वाटेवर मजुराला भिंत! परिणाम काय झाला? वाट महाग व धोक्याची झाली म्हणून लोक यावयाचे थांबले नाहींत. आलेले लोक परत जावयाचे थांबले.

हें विपरीत वाटेल, पण महाराष्ट्रीय वाचकाला तें समजणें जड जाऊं नये. मुंबईच्या गिरणींत राबणारा कोंकणांतील चाकरमानी शिमग्याला, गणपतीला गांवीं जाई, कारण परत येण्याची वाट खुली होती. समजा, पनवेलच्या अलीकडे एक भिंत उभी राहिली असती आणि ती ओलांडण्यास दर खेपेला वर्षाची कमाई व जिवाचा धोका पत्करावा लागला असता, तर त्यानें काय केलें असतें? तो गांवीं जाण्याचें सोडून बायकापोरांनाच चाळींतल्या खोलींत घेऊन आला असता. अमेरिकेंत तेंच घडलें. जो वर्षांतून सहा महिने येणारा पाहुणा होता, त्याला भिंतीनें कायमचा रहिवासी केलें.

सिद्धान्त पटण्यासारखा आहे आणि पुढील संशोधनानें त्याला बळकटीहि आली आहे. तथापि त्याच्या मर्यादा दाखविणें परीक्षकाचें कर्तव्य आहे. पाहणीचा पाया गांव हा असल्यामुळें, जीं कुटुंबें मुळासकट उठून गेलीं तीं तिच्या जाळ्यांत क्वचितच सांपडतात. दुसरें असें कीं, या विवेचनाचा नायक हंगामी पुरुष-मजूर आहे. २०१४ नंतर मध्य अमेरिकेंतून बायका व मुलें दंगाधोप्याच्या भयानें निघालीं आणि सरहद्दीवर स्वतः होऊन अंमलदारांच्या स्वाधीन होऊन आश्रय मागूं लागलीं. त्यांना या सांच्यांत बसवितां येत नाहीं. २००२ च्या ग्रंथाला याबद्दल दोष देतां येणार नाहीं, परंतु त्याचीं अनुमानें आज जशींच्या तशीं वापरणाऱ्यांना देतां येईल. तिसरी गोष्ट शैलीची. ग्रंथाचीं प्रकरणें यंत्राच्या माहितीपुस्तकाप्रमाणें रचलेलीं आहेत : यंत्राची जुळणी, त्याचें कार्य, त्याचा बिघाड, आणि शेवटीं दुरुस्ती. ही रूपकयोजना सरकारी मनुष्याला समजावी म्हणून केली असावी, व त्या कामीं ती उपयोगीहि पडते. पण पानेंच्या पानें यंत्र यंत्र म्हणत गेल्यावर, चुलीजवळ बसून ऐकलेल्या त्या हकीकती हळूहळू दांतेरी चाकें होऊन जातात. ज्यांनीं इतकें ऐकलें त्यांनीं वाचकालाहि थोडें ऐकूं द्यावयास हवें होतें.

येथें मोजणीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण या विषयावरील सारा कलह आंकड्यांचाच असतो. जो लपून राहतो त्याला मोजावयाचें कसें? रॉबर्ट वॉरन व जेफ्री पॅसेल यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एक साधी युक्ति वापरली. शिरगणतींत परदेशीं जन्मलेले जितके आढळले त्यांतून कायदेशीर रहिवासी वजा करावयाचे. उरेल ती बाकी. १९८० च्या शिरगणतींतून ही बाकी सुमारें २१ लक्ष निघाली, आणि त्या वेळीं बिनदिक्कत बोलले जाणारे अनेक पटींचे आंकडे उघडे पडले. याच रीतीला पुढें संस्कार देऊन प्यू संस्थेनें २००७ साठीं १ कोटी २२ लक्ष आणि २०२३ साठीं १ कोटी ४० लक्ष असा अंदाज केला. परंतु या शेवटच्या आंकड्याच्या पोटांत पाहावें. त्यांतील ६० लक्षांहून अधिक लोकांना त्या वेळीं हद्दपारीपासून कसलें ना कसलें तात्पुरतें संरक्षण होतें : कोणाचा आश्रयाचा अर्ज पडून होता, कोणाच्या देशांत उत्पात म्हणून सवलत होती. सरकारच्या एका सहीनें अशी सवलत मिळते आणि दुसऱ्या सहीनें ती जाते. म्हणजे कायदेशीर व बेकायदा या दोन खोल्या नसून मधें एक लांबच लांब ओटी आहे, आणि लाखों माणसें त्या ओटीवरच आयुष्य काढीत आहेत. वजाबाकीला ही ओटी दिसत नाहीं. न्गाईबाईंचा इतिहास वाचलेल्या वाचकाला मात्र ती लगेच दिसते.

तिसरा ग्रंथ हातीं घेतला कीं आपण दप्तर व तक्ते सोडून ॲरिझोनाच्या सोनोरा वाळवंटांत येतों. शहरालगतचे मार्ग १९९४ पासून बंद केले तेव्हां नियोजन असें होतें कीं, लोकांना ओसाड मुलखाकडे वळवावें म्हणजे त्या मुलखाची भीतीच त्यांना परतवील. भीतीनें परतविलें नाहीं, उन्हानें मारलें. डे लिओन यांचें मूळ शिक्षण पुराणवस्तुशास्त्राचें. २००९ पासून त्यांनीं या वाटांवर टाकलेल्या वस्तु गोळा केल्या : पाठीवरच्या पिशव्या, झिजलेले जोडे, देवाचीं चित्रें, पाण्याच्या बाटल्या. बाटल्या काळ्या रंगाच्या, कारण उन्हांत पांढरी बाटली चमकते आणि गस्तवाल्याला दिसते. पण काळ्या बाटलींतलें पाणी लवकर तापतें. लपणें आणि जगणें यांतील सारें द्वंद्व या एका बाटलींत आहे. असली वस्तु हुडकून तिचा अर्थ लावण्यांत या लेखकाचा हात धरणारा दुसरा मला तरी आढळला नाहीं.

ग्रंथांतील सर्वांत बोचणारा भाग प्रेतांविषयींचा आहे. वाळवंटांत मेलेल्यांपैकीं किती सांपडत नाहींत याचा अंदाज घेण्यासाठीं लेखकानें मारलेल्या डुकरांना माणसांचे कपडे घालून तेथें ठेवलें. गिधाडांनीं त्यांचीं हाडें अल्पावधींत दूरवर विखुरलीं. म्हणजे सरकारी दप्तरांत नोंदलेला मृत्यूचा आंकडा हा सांपडलेल्या प्रेतांचा आंकडा आहे. न सांपडलेल्यांची गणती गिधाडांपाशीं. २०१२ सालीं वाटेवर एका स्त्रीचा मृतदेह लेखकाला आढळला. तो त्या देहाचा माग काढीत इक्वेदोरमधील तिच्या घरापर्यंत जातो, तिच्या माणसांशीं बोलतो, आणि जिला कागदावर केवळ क्रमांक मिळाला असता तिला आई, बहीण व शेजारीण म्हणून परत उभी करतो. हीं प्रकरणें वाचल्यानंतर 'बेकायदा' हा शब्द जिभेवर सहज येत नाहीं. त्याचाच पुढें एक फलक झाला : वाळवंटांत मेलेल्या ३,२०० हून अधिक लोकांचे, प्रेताच्या पायाच्या अंगठ्याला बांधतात तसे दाखले हातानें लिहून नकाशावर त्या त्या जागीं टांगावयाचे.

पण या ग्रंथावरचे माझे आक्षेपहि तितकेच गंभीर आहेत. डे लिओन अधूनमधून तत्त्वज्ञानाचा अवजड अंगरखा चढवितात आणि वाळवंट, ऊन, गिधाड यांना 'कर्तृत्व' देऊं लागतात. सरकार निसर्गाच्या आड लपतें, असें त्यांना म्हणावयाचें आहे. मग निसर्गालाच कर्ता करून आपण त्या लपण्याला मदत करतों, हें त्यांच्या लक्षांत कसें आलें नाहीं? दुसरा आक्षेप अधिक नाजूक. मृत देहाचें दर्शन वाचकाला घडवावें कीं न घडवावें? लेखकाचें म्हणणें, न दाखविणें म्हणजे पाप झांकणें. तें मला बुद्धीला पटतें. परंतु जिचा देह तिला कोणी विचारलें नाहीं, ही टोचणी राहतेच. तिसरा आक्षेप मी घेणार नाहीं, पण वाचक घेतील : ग्रंथांतील मजूर शिव्या देतात आणि ओंगळ विनोद करतात. लेखकानें ते गाळले नाहींत हें उत्तम केलें. दुःखी माणूस सदैव सोज्ज्वळ असावा, ही अपेक्षा आपल्या सोयीची आहे. त्या माणसावर ती लादणें अन्यायाचें होय.

आतां या सर्व संशोधनाच्या मुळाशीं असलेला पेंच. निकोलस डी जेनोव्हा या मानवशास्त्रज्ञानें २००२ सालच्या आपल्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, प्रत्यक्ष हद्दपारी थोड्यांचीच होते, पण हद्दपार होण्याची शक्यता साऱ्यांच्या डोक्यावर टांगती राहते, आणि त्या भीतीमुळेंच हे मजूर स्वस्त व मुके होतात. म्हणून सरकारनें केलेला हा वर्ग विद्वानांनीं निमूटपणें आपला विषय म्हणून उचलूं नये. मला यांत तथ्य दिसतें. लपलेल्या माणसाविषयीं जमविलेलें प्रत्येक सत्य दुधारी आहे. वाट कोठून जाते, बाटली काळी कां, गांवच्या कोणाच्या ओळखीनें काम मिळतें, हें जसें सहृदय वाचक वाचतो तसेंच पहारेकरीहि वाचतो. डे लिओन यांनीं प्रवाशांबरोबर सरहद्द ओलांडण्याचें टाळलें, यांत हाच विवेक आहे. पण म्हणून मौन धरावें काय? मौनाची जागा रिकामी राहत नाहीं. तेथें अफवा येऊन बसते, आणि २१ लक्षांचे कोटि होतात. तेव्हां संशोधन करावें, मात्र कोणाची झडती घेत आहों याचें भान ठेवावें. न्गाईबाईंनीं झडती सरकारच्या दप्तराची घेतली, म्हणून या कसोटीवर त्या सर्वांत निर्दोष उतरतात.

प्रतिपक्षालाहि न्याय दिला पाहिजे. आपल्या घरीं कोणास घ्यावें हें ठरविण्याचा हक्क राष्ट्राला आहे, असें म्हणणारा प्रत्येक जण निर्दय नसतो; आपणहि आपल्या सरहद्दींविषयीं तसेंच म्हणतों. या आक्षेपाला समोरून उत्तर देण्याचें काम इतिहासकार व मानवशास्त्रज्ञ दोघेहि टाळतात. मॅसीच काय ते उपाय सांगतात : मजुरीचे तात्पुरते परवाने वाढवावे, मेक्सिकोचा वांटा वाढवावा, जाणें-येणें पुनः खुलें करावें. उपाय अपुरे असतील, पण ज्यानें बिघाड दाखविला त्यानें दुरुस्तीहि सुचवावी ही जबाबदारी त्यांनीं ओळखली.

तिघांपैकीं एकच ग्रंथ वाचण्यास सवड असेल त्यानें न्गाईबाईंचा वाचावा. ज्याला आंकड्यांशीं वैर नाहीं त्यानें त्यानंतर मॅसींचा. आणि डे लिओन यांचा ग्रंथ रात्रीं वाचूं नये. अमृतसरला उतरलेले ते १०४ लोक निर्दोष होते असें या वाचनानंतरहि मी म्हणणार नाहीं. दलालांना त्यांनीं जमिनी विकून पैसे दिले, आणि मागून रीतसर जाणाऱ्यांचा मार्ग कदाचित् अधिक बिकट केला. परंतु ज्या रांगेंत आपलीं मुलें उभीं आहेत तीच रांग १९१७ सालीं आपल्या साऱ्या देशाला बंद होती, आणि १९४६ सालीं ती उघडली तेव्हां वर्षाला अवघ्या १०० माणसांपुरती उघडली. रांगेच्या आंतला आणि बाहेरचा यांतील अंतर तेव्हां कोणाच्याहि सचोटीवर अवलंबून नव्हतें. आजहि तें आपण समजतों तितकें नाहीं.